जाळीचा सव्वा पौंड

मी, ओसिएल कार्कामो, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण तीन इयत्ता, राहणार पुलाजवळचे घर, लास बांदुरियास, तिएरा देल फुएगो, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. झोप नाही, पण कचेरीतली बाई म्हणाली की त्याने बिघडत नाही. हाताने लिहिले तर साक्षीदारही लागत नाहीत म्हणाली. मला मात्र दोन हवेत. का, ते कलम पाचात आहे. एवढे एक कलम तरी नीट वाचा.

१. आधीची चारही मृत्युपत्रे रद्द. ती पिठाच्या डब्यात आहेत. चुलीत घाला.

२. मी गळासाठी बांधलेल्या पिसांच्या माश्यांचा पत्र्याचा डबा मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांच्या बंगल्यातली स्वयंपाकीण देल्फिना ओवांदो हिला. पाणी गढूळ असेल तर काळी, रबरी पायांची माशी लाव. चमचमत्या माश्यांना पाहुणे भुलतात, मासे नाही.

३. बंगल्याचा व्यवस्थापक मला सत्तराव्या वर्षी म्हणाला, "डॉन ओसिएल, तुमची चिडचिड ऐकून मासे समुद्रात परत जातात. आता घरी बसा." त्याला माझे कुरणाचे फाटक. ते वाऱ्याने रात्रंदिवस आपटते. बांधून ठेवले तरी आपटते. त्याने ऐकावे.

(आत्ता उठून पाहून आलो. सुटलेच होते.)

४. बीव्हर प्राण्यांनी वरच्या ओढ्यावर पुन्हा बांध घातला आहे. तो फोडा. मासे अंडी घालायला तिकडेच चढतात. हे कलम मृत्युपत्रात बसते की नाही ठाऊक नाही, पण कुठेतरी लिहायला हवे.

५. आता ते.

सत्त्याण्णव सालच्या मार्चात बंगल्याच्या जुन्या मालकांनी जाहीर केले होते की ज्या गाईडचा पाहुणा हंगामातला सगळ्यात मोठा ट्राउट मासा धरील, तो मुख्य गाईड होईल आणि पुलाजवळचे घर त्याला मिळेल. माझी बायको इर्मा, तिचा धाकटा भाऊ निबाल्दो बारिया हाही गाईड होता. त्याच्या पाहुण्याने साडेतीस पौंडांचा धरला. आठ दिवसांनी माझ्या पाहुण्याने, बेल्जियमच्या एका दंतवैद्याने, वळणावरच्या डोहात त्याहून रुंद मासा गळाला लावला. पाऊण तास झुंजला. आमच्याकडे मासा जाळीसकट वजनकाट्याला टांगतात, जाळीचे वजन वजा करतात आणि सोडून देतात. काटा तेहतीसवर थांबला. जाळी मी सकाळीच तोलली होती, दोन पौंड. एकतीस, मी ओरडलो आणि टोपी हवेत उडवली. मासा गेला. मागे राहिला तो आकडा.

पण सकाळची जाळी इर्माने चुलीशी वाळवलेली होती. घरी येऊन भिजलेली जाळी काट्याला लावली तर सव्वातीन. माझा मासा पावणेतीस. जिंकला होता निबाल्दो.

मी गप्प बसलो. जेवणाच्या खोलीतल्या लाकडी पाटीवर माझे नाव कोरले गेले. मला घर मिळाले, पुढे मालकांनी ते नावावरही करून दिले. निबाल्दो मेंढ्यांच्या कुंपणाच्या कामावर गेला. तिथे त्याचा गुडघा गेला. इर्माला मी काही सांगितले नाही, पण दर हंगामाला ती विचारायची, "जाळी वाळत घालू, की तुला ओलीच हवी?" मरेपर्यंत विचारत होती.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर पाटीवरचे माझे नाव काढून तिथे निबाल्दो बारिया, साडेतीस पौंड, असे कोरावे. मला मूलबाळ नाही. घर, जमीन, दंतवैद्याने दिलेली गळाची लांब काठी, सगळे निबाल्दोला. तोच आधी गेला तर? त्याची छाती वाजते. हीच काळजी मला खाते. म्हणून साक्षीदार तोच, म्हणजे मी जिवंत असताना त्याला हे ऐकावे लागेल. समोर बसून सांगायची हिंमत बावीस वर्षांत झाली नाही.

इथे सही करायची होती. पण पुढचे लिहिणे भाग आहे.

आज शुक्रवारी दुपारी दोघा साक्षीदारांना बोलावले. निबाल्दोला आता अक्षर दिसत नाही, म्हणून देल्फिनाने वाचले. पाचव्या कलमाला ती अडखळली. मी माते, आमचा नळीने ओढायचा कडू चहा, भांड्यात भरत होतो, पाणी सांडले.

निबाल्दो नळी चोखत राहिला. भांडे रिकामे झाले तरी.

"मी जाळी भिजवून तोलली होती, दाजी," तो म्हणाला. "नदीत बुडवून. हिशेब बरोबर केला म्हणून हरलो म्हणायचं."

"घर तुझंच आहे," मी म्हणालो.

"घर घेऊन काय करू? तुझं फाटक ऐकत बसू?"

"फाटक व्यवस्थापकाला दिलंय," देल्फिना म्हणाली.

तो हसला नाही. "तू मेल्यावर पाटी बदलायची. म्हणजे लाज वाटायला तू नसणार आणि बघायला कदाचित मी नसणार. तुझ्या मरणाची वाट बघायला लावतोस होय रे?"

"मग काय करू?"

"उद्या शनिवार. पाहुणे बदलतात. सकाळी जाणारे, येणारे, गाईड, सगळे त्या खोलीत असतात. पटाशी आण. तू कोर, मी ऐकतो. त्याआधी माझी सही मिळणार नाही."

"व्यवस्थापक हाकलून देईल."

"मग दोघांना मिळून हाकलू दे."

म्हणून पाचव्या कलमातले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले आहेत. बाकी सर्व कायम. पटाशीला धार लावली आहे. दोनदा.

लिहून देणार: ओसिएल कार्कामो
पुलाजवळचे घर, १५ मार्च २०१९

साक्षीदार १: देल्फिना ओवांदो

साक्षीदार २: निबाल्दो बारिया
(सही दुसऱ्या दिवशी, १६ मार्च, जेवणाच्या खोलीत, पाटीखाली. सहीआधी त्याने अक्षरे बोटाने चाचपली. साडेतीसमधला अर्धा उथळ कोरलाय म्हणाला. पुन्हा कोरला.)