दिवसा पडदा उघडायचा नाही

शुक्रवार, १२ जून

आज सकाळी उठल्यावर मी आधी पटाश्यांना धार लावली आणि मग प्रार्थनेला बसलो. रोज उलट करतो. पण फीफीने पहाटेपासून दारात आपली टॅक्सी उभी करून भोंगा वाजवायला सुरुवात केली होती, आणि धारेचं काम राहिलं असतं तर दिवसभर मनाला खुपत राहिलं असतं. प्रार्थना गाडीतही करता येते. धार गाडीत लावता येत नाही.

फीफी म्हणाला, "चल रे मंगळ्या, देव कुठे पळून जात नाही. पाऊस मात्र वाढतोय."

आमच्याकडे जन्मवारावरून नाव ठेवतात. मी मंगळवारचा, म्हणून कोबिना. तो शुक्रवारचा, म्हणून फीफी. आमच्या किनाऱ्यावर मंगळवारी कोणी होडी पाण्यात लोटत नाही, तो समुद्राच्या विसाव्याचा दिवस. फीफीचं म्हणणं असं की मी समुद्राच्या सुट्टीच्या दिवशी जन्मलो म्हणूनच एक बाक करायला महिना लावतो. हे तो शाळेपासून म्हणतोय. आता दोघंही पन्नाशीला आलो, पण त्याला त्याचा कंटाळा नाही.

त्याचे वडील दीपगृहाचे राखणदार होते. ज्या ज्या दीपगृहात त्यांनी दिवा लावला ती सगळी एकदा पाहायची, असं तो किती वर्षं म्हणत होता. शेवटी एफुआ, म्हणजे त्याची बायको, वैतागून म्हणाली, जा एकदाचे, आणि परत आल्यावर हा विषय घरात नको. दोघी मुली दारात उभ्या राहून हात हलवत होत्या. फीफीने छातीवर हात ठेवून शपथ घेतली की मंगळवारच्या आत परत येतो.

दोन दीपगृहं आज पाहिली. पहिल्याचा नुसता पायाच उरलाय, त्यावर बकऱ्या उभ्या होत्या. दुसरं बरं होतं. खाली एका बाईकडे केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, आणि तळलेली मासळी खाल्ली. फीफीने मिरचीची चटणी इतकी घेतली की बाई म्हणाली, दादा, घरी भांडण करून आलात का. फीफी हसला की त्याच्या डाव्या भुवईवरचा व्रण वर सरकतो. शाळेत बाकावर आपटून झालेला. हसणं मात्र तेव्हाचंच आहे, समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधी सुरू होणारं.

उद्या एतिन्पोचं दीपगृह. तिथलं दार पावसाने फुगलंय आणि माझा मित्र ते नीट करून देईल, असं फीफीने तिथल्या राखणदाराला परस्पर कबूल केलंय. म्हणून हत्यारं बरोबर.

शनिवार, १३ जून

दुपारी एतिन्पोला पोचलो. राखणदार एग्या तविया फीफीच्या वडिलांच्या हाताखाली वाढलेला माणूस. फीफीला पाहून त्याचे डोळे भरून आले.

मी खाली दाराला रंधा मारत बसलो. फीफीला धीर नव्हता, तो जिना चढायला लागला. एग्या खालून ओरडला, "दिव्याच्या भिंगावरचा पडदा दिवसा उघडायचा नाही! बापाने सांगितलं असेल ना?"

"सांगितलं म्हणूनच तर आलोय, एग्या," फीफी वरून म्हणाला. त्याचं हसणं जिन्यात घुमत राहिलं.

तो बराच वेळ वर होता. माझं दार चौकटीत बसलं तरी खाली आला नाही. मग आला. एग्यासाठी टाक्राडीहून जिन दारूची बाटली आणली होती, ती त्याने पिशवीतून काढली आणि पुढे केली.

डाव्या हाताने.

आमच्याकडे रांगतं मूलसुद्धा डाव्या हाताने कोणाला काही देत नाही. दिलं तर आई त्या हातावर चापटी मारते. आणि इथे वडिलांच्या जागी असलेला म्हातारा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एग्याने बाटली घेतली नाही. फीफीनेही हात मागे घेतला नाही. तो तसाच उभा राहिला आणि शेवटी त्याने बाटली सोडून दिली. दगडावर फुटली.

मी फीफीच्या वतीने माफी मागितली. एग्या माझ्याकडे पाहतच नव्हता. तो फीफीच्या कपाळाकडे पाहत होता.

परतायला निघालो तर कळलं, ओढ्यावरची मोरी वाहून गेली. मंगळवारपर्यंत रस्ता नाही. एग्याने आम्हाला दीपगृहाजवळची जुनी खोली दिली. संध्याकाळी फीफी डाव्या हाताने जेवला. मी रागावलो, म्हणालो, ही काय थट्टा चालवलीस. तो हसला, पण माझं बोलणं संपून बराच वेळ झाल्यावर.

व्रण उजव्या भुवईवर आहे. दिवा जवळ नेऊन पाहिला. उजव्याच.

रविवार, १४ जून

सकाळी एग्याने मला वळचणीखाली बोलावून घेतलं. म्हणाला, गोरे लोक सांगत की दिवसा भिंगातून ऊन गोळा होऊन आग लागते, म्हणून पडदा लावा. आपले लोक पडदा लावत आले ते दुसऱ्या कारणाने. दिवसा उघड्या भिंगासमोर जो उभा राहतो त्याला भिंग आत ठेवून घेतं आणि स्वतःकडचा एक, त्याच्याच रूपाचा, बाहेर पाठवतं. बाहेर आलेल्याला सगळं येतं, नाव, आवाज, घरची वाट. फक्त त्याचं उजवं ते आपलं डावं. आणि दया नसते.

मी म्हणालो, एग्या, मी चर्चचा माणूस, माझा यावर विश्वास नाही. तो म्हणाला, "तुझा विश्वास कोण विचारतंय, पोरा? तू तो व्रण पाहिलास की नाही?" मग म्हणाला, मी वर जाऊन पडदा पाहून येतो, तू तोवर त्याला प्रार्थनेला ने.

नेला. फीफीने अंगावरचं वस्त्र उजव्या खांद्यावर घेतलं होतं, डावा खांदा उघडा. आमच्यात नेमकं उलट घेतात. सगळी रांग वळून पाहायला लागली. मागची एक बाई मोठ्याने म्हणाली, शहरात आरसे विकत नाहीत वाटतं. गाणं सुरू झालं तेव्हा तो पुस्तकाच्या ओळीवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत होता. प्रवचन अर्ध्यावर आलं आणि तो उठून गेला. मी उठायला हवं होतं. लोक काय म्हणतील म्हणून आशीर्वादापर्यंत बसून राहिलो.

परत आलो तेव्हा एग्या जिन्याच्या पायाशी पडला होता. डोकं मागून फुटलेलं. लोखंडी पायरीच्या कडेला पांढरे केस चिकटलेले, एकाच पायरीला, पुन्हा पुन्हा आपटल्यासारखे. वरच्या पायरीवर फीफी बसून वस्त्राच्या टोकाने बोटं पुसत होता. एकेक बोट. म्हणाला, घसरला.

लोक जमले. मृतासमोर सगळ्यांनी मान खाली घालून छातीवर हात ठेवला. त्यानेही ठेवला. छातीच्या उजव्या बाजूला.

सोमवार, १५ जून

गावच्या मुख्याकडे गेलो. त्याचं म्हणणं, पाऊस, ओला जिना, म्हातारा पाय. वर म्हणाला, दोन मित्र फार दिवस एका खोलीत अडकले की असंच होतं, त्यापेक्षा बायका बऱ्या. सगळे हसले. प्रार्थना चालवणारा म्हणाला, डावा हात हा उद्धटपणा आहे, सैतान नव्हे.

मग मी वर गेलो. खाली अंगणात तो कोयत्याने शहाळी सोलत होता. त्या आवाजावर कान ठेवून चढलो. समोर उभा राहिलो नाही. बाजूने पडद्याचं टोक उचललं.

फीफी आत आहे.

व्रण डाव्या भुवईवर. रिकाम्या हाताने हवेत कोयता चालवतोय. खाली घाव पडला की आत हात खाली येतो. खालच्याने मान वळवली की आतली मान वळते. हातपाय त्याचे नाहीत. डोळे त्याचे आहेत. डोळ्यांतून सारखं पाणी. मला पाहिलं त्याने. मी नाव घेतलं तर ओठ हलले नाहीत, खालचा तेव्हा गप्प होता. डोळे मात्र दाराकडे जात होते, पुन्हा पुन्हा, खाली, माझ्याकडे.

मी देवाला विचारलं. आता कळलं ते लिहून ठेवतो. खालच्याला जे होईल ते आतल्याला होणार.

उतरलो तर तो जिन्याशी उभा. फोन त्याच्या कानाला. मोबाईलला आज रेंज आली. एफुआशी बोलत होता, गोड आवाजात. मुलींना सांग, बाबा उद्या येतोय. फोन ठेवला आणि मला विचारलं, "धाकटीची मान केवढी आहे रे? माझ्या मुठीत मावेल?"

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्याने मला एका हाताने जमिनीवर दाबलं. हसत म्हणाला, सुतारबुवा, कामाचा हात कुठला? उजवा ना? आण इकडे.

आणि डावा धरला. बोटं मोडली, शेंगा मोडाव्या तशी. आवाज माझाच होता, मला ओळखू आला नाही.

त्याला उजवा म्हणजे डावा.

म्हणून हे लिहू शकतोय.

सोमवार, संध्याकाळ

मोरीच्या जागी फळ्या टाकल्या. उद्या सकाळी रस्ता सुरू. त्याने गाडी पुसून ठेवली आहे.

मारला तर फीफीला मारलं. नाही मारला तर एफुआ, मुली—

आज्ञा मला पाठ आहे. तू हत्या करू नको. लहानपणी मास्तरांनी छडी मारून पाठ करून घेतली. फीफी शेजारच्या बाकावर होता.

पुन्हा वर गेलो. पडद्याआडून विचारलं, फीफी, करू का. खालचा झोपला होता, म्हणून आतलाही आडवा. मान हलवता येत नव्हती. त्याने डोळे मिटले आणि उघडले. मी म्हटलं, समजलं नाही, पुन्हा सांग. पुन्हा मिटले. घट्ट. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं, शाळेत मला उत्तर येत नसलं की पाहायचा तसं.

समजलं होतं. पहिल्या वेळीच समजलं होतं.

मंगळवार, १६ जून

आज प्रार्थना आधी. मग धार.

मंगळवार. किनाऱ्यावर कोणी नाही. होड्या वाळूवर पालथ्या. पाऊस बारीक.

तो गाडीत बसला होता. चुकीच्या बाजूला. स्टिअरिंगचं चाक शोधत होता, हात हवेत फिरवत. वैतागला होता. मला म्हणाला, चल रे मंगळ्या—

फीफीचा आवाज. अगदी तोच.

मी दार उघडलं. रुंद पटाशी. छातीत घातली, सगळा भार देऊन. डावीकडे. सवयीने डावीकडे—

त्याने पटाशीच्या मुठीकडे पाहिलं. थांबला. मग हसला. उशिरा. माझा गळा धरला, डाव्या हाताने, मला उचललं, डोकं दारावर, पुन्हा दारावर, काच फुटली, तोंडात रक्त, दात—

एग्याच्या प्रेतासमोर त्याने छातीवर ठेवलेला हात आठवला. उजव्या बाजूला.

पटाशी उपसली. उजवीकडे मारली. लाकडात शिरते तशी शिरली. पुन्हा. तो एफुआ म्हणाला. पुन्हा मारली. मुलींची नावं घेतली त्याने, दोन्ही, फीफीच्या आवाजात, आणि मी पुन्हा—

हात सुटला.

केलं. परमेश्वरा, मी केलं.

वर आलोय. कसा चढलो माहीत नाही. बाजूला भिंतीशी बसलोय, समोर नाही. पडदा थोडा उचलून खिळ्याला अडकवलाय.

फीफी आत बसलाय, पाय पसरून. छातीच्या डाव्या बाजूला काळं होत चाललंय. श्वास आहे. खालचा हलत नाही तरी हा हलतोय. आता त्याला कोणी हलवत नाही.

ओठ हलले. आवाज नाही आला. मंगळ्या म्हणाला असेल.

हातोडा मांडीवर घेतलाय. भिंग फोडायचं आहे, पुढे कोणी समोर उभं राहू नये म्हणून. पण तो गेल्यावर. त्याच्या अंगावर काच पाडणार नाही.

त्याने हात उचलला. स्वतःहून. उजवा. निरोपाचा, दारात मुलींना करत होता तसा.

मीही उजवा केला. लिहिताना खाली घ्यावा लागतो, तो रागावेल. त्याचा हात खाली आला की भिंग फोडीन.

अजून वर आहे.

थरथरतोय, पण वर आहे. अजून—