झाडावरच्या बंगल्यातली मास्तरीण

३ फेब्रुवारी १९६८, शनिवार

भैयाचा निरोप आला! शेजारचा शालिकराम घेऊन आला — तो बालाघाटच्या कोर्टात चपराशी आहे. माझा मुलगा भैयालाल त्याला कोर्टाच्या फाटकाशी भेटला म्हणे. जीपमधून उतरलासुद्धा नाही, घाईत होता.

"काकी, शुक्रवारी बालाघाटच्या स्टँडवर या म्हणते भैया. जीप येईन. बैहरच्या पुढं जंगलात एका ठेकेदारानं झाडावर बंगला बांधला आहे, साहेब लोकाईसाठी. तिथं एक रात्र राहायचं. सूनबाई बी येऊन राह्यली, तुम्हाले भेटाले!"

सूनबाई! लग्नाला वर्ष होत आलं. जबलपूरला कोर्टात लग्न केलं आणि मला मागाहून कळवलं. फोटोही पाहिला नाही मी. नाव अंजना, जबलपूरच्या ब्राह्मण वकिलाची मुलगी — एवढंच ठाऊक.

शालिकराम गेल्यावर मनात आलं — जंगलात यायला वेळ आहे, कटंगीला आपल्या घरी काहून नाही?

जाऊ दे. बोलावलं हेच खूप.

५ फेब्रुवारी

शालिकरामच्या बायकोला, तुळसाबाईला सांगितलं — झाडावर झोपायला चालले! हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "ह्या वयात? वानर होता का मास्तरीणबाई?" किती दिवसांनी मी कुणाबरोबर हसले.

रजा मिळाली. शाळेत आता मराठीचा वर्गच उरला नाही. मी हिंदी शिकवते. मुली हिंदीत बोलतात, मीही बोलते. मराठीत बोलायला तुळसाबाई, नाहीतर ही वही.

८ फेब्रुवारी

करंज्या केल्या. पहिली खेप तुपात फुटली, ती मीच खाल्ली. पांढरी, निळ्या काठाची साडी काढून ठेवली. हे असते तर सकाळपासून टोपी शोधत फिरले असते. सुनेला काय म्हणून हाक मारायची? अंजना? बाई? बेटा? आरशासमोर म्हणून पाहिलं. स्वतःचीच लाज वाटली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. झाडावर

खरंच झाडावर बसून लिहिते आहे. सरईची, म्हणजे सालाची, मोठमोठी झाडं, त्यांच्या अंगाखांद्यावर फळ्यांचा बंगला. दोन खोल्या, पुढं लांब पडवी, खाली पाण्याचं डबकं. वारा आला की सगळं घर हलतं. फळ्यांच्या फटीतून खाली जमीन दिसते — तिकडं पाहायचं नाही, असं ठरवलं आहे. चौकीदार पुनाराम संध्याकाळी शिडी वर ओढून घेतो. मग सकाळपर्यंत कुणी खाली नाही, कुणी वर नाही.

आता कुठं जाऊ मी?

सगळं क्रमानं लिहिते. नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील.

जीपनं मला जंगलाच्या वाटेवर उतरवलं. भैया एकटाच उभा होता. वाळला आहे. मी करंज्यांचा डबा पुढं केला, त्यानं घेतला, पण लक्ष सगळं मागं, बंगल्याकडं.

"आई, ऐक. नाना आले आहेत. अंजनाचे वडील. मैंने बुलाया नहीं था. जबलपूरहून निघताना तेच म्हणाले, मीही येतो, वाघ पाहायचा आहे."

"मग बरं झालं. व्याह्यांची भेट होईन."

"त्यांना माहीत नाही, आई."

काय माहीत नाही, हे विचारायची गरजच पडली नाही. सरकारी नोकरी लागली तेव्हा त्यानं आडनाव बदललं. मेश्रामचा देशमुख झाला. साहेब लोकांत बरं पडतं, म्हणाला. मी तेव्हाही बोलले होते, आणि मग गप्प बसले होते. तेच आडनाव सांगून लग्न केलं, हे आज कळलं!

"अन् अंजनाले?"

"तिलाही नाही. आज सांगणार होतो. तुझ्यासमोर. कसम से, आई, हिंमत करके आया था. पण आता नाना... ते गाव विचारतील, घराणं विचारतील. तू फक्त देशमुख म्हण. एक रात की बात है."

म्हणून कटंगी नाही! घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. जंगलात भिंतीच नाहीत.

"मी मेश्राम आहो," मी म्हटलं. "डोमाजी मेश्रामची बायको. आम्ही नागपूरले जाऊन धम्म घेतला, तवा तू माह्या बाजूले उभा होता. मी खोटं नाही सांगणार, भैया. गप्प राहीन. तेवढंच जमन मले."

वर आलो. नाना पडवीत आरामखुर्चीत. त्यांच्यामागं अंजना, हिरव्या साडीत. लहान चणीची, गालावर तीळ. माझ्याकडं पाहून हसली. मी तोंड उघडणार, तोच नानांनी विचारलं, "ह्या कोण?"

आणि माझा भैया एका दमात म्हणाला — "ये हमारे गाँव की मास्टरनी जी हैं. मला ह्यांनीच शिकवलं. आईची तब्येत बरी नाही, म्हणून आईनं ह्यांना पाठवलं."

मी पिशवी खाली ठेवली.

नाना उठले. हात जोडले. "वा! म्हणजे तुम्ही जावईबापूंच्या गुरू. बसा, बसा इथं." आणि आपली खुर्ची मला दिली.

चांगला माणूस आहे. हेच जड जातं आहे. ही खुर्ची कुणाला दिली? मास्तरणीला. मला, रुख्मा मेश्रामला, दिली असती का? विचारता येत नाही.

दिवस मावळायच्या आधी रानगवे आले पाण्यावर. केवढी जनावरं! काळी, आणि चारी पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी. सगळे कठड्याशी जमले. भैया अंजनाला बोटानं दाखवत होता, "वो देखो, वो छोटा वाला." लहानपणी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत मी त्याला असंच खांद्यावर घेऊन दाखवायचे — ते बघ, ते बघ. मी मागं उभी. जागा होती कठड्याशी. कुणी बोलावलं नाही, मी गेले नाही.

पुनारामनं ताटं मांडली. करंज्यांचा डबाही उघडला. नाना म्हणाले, "सुरेख आहेत! कुणी केल्या?"

भैया म्हणाला, "आईनं."

तेवढं एक खरं बोलला.

१० फेब्रुवारी. सकाळ, अजून झाडावरच

काल रात्री पुरुष एका खोलीत, आम्ही दोघी एका खोलीत. कंदील बारीक केला. माझ्या मनात होतं, भिंतीकडं तोंड करून पडून राहावं. पण अंजनाला झोप नव्हती.

"बाई, जाग्या आहात? एक विचारू? सासूबाई कशा आहेत हो?"

मी म्हटलं, "बरी आहे."

"हे म्हणतात त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. कुणाला ओळखत नाहीत. म्हणून गावी नेत नाहीत मला. पण करंज्या तर त्यांनीच केल्या ना?"

डोकं ठिकाणावर नसतं! आजारी म्हणाला, ते मी सोडून दिलं होतं. हे वर्षभर सांगत आला असेल. मी वेडी. कटंगीच्या घरात कोंडून ठेवलेली वेडी! सांगून टाकावं — अगं, तीच मी! पण सांगितलं असतं तर त्या पोरीनं काय करायचं? बाप पलीकडच्या खोलीत, नवरा पलीकडच्या खोलीत, शिडी वर ओढलेली.

"ओळखते," मी म्हटलं. "पोराले तर ओळखतेच."

"मग मी गेले तर मला ओळखतील?"

"जाऊन पाहा."

"रागावल्या असतील. लग्नाला बोलावलं नाही आम्ही."

"रागावली होती. मंग जेवली नाही दोन दिवस. मंग जेवली."

ती थोडी हसली. "मी लहान असतानाच आई गेली माझी," म्हणाली. "घरात नाना आणि त्यांच्या फायली. मला वाटायचं, लग्न झालं की घरात एक बाईमाणूस मिळेल. आता तिकडं सरकारी बंगल्यात दिवसभर मी आणि रेडिओ. हे दौऱ्यावर."

मी आणि रेडिओ. मी आणि वही.

तेवढ्यात चितळ ओरडलं. एकदाच, तीक्ष्ण. मग वानरं. मग सगळं जंगल चिडीचूप, आणि खालून असा आवाज आला की फळ्या थरथरल्या. वाघ! अगदी बंगल्याखाली. अंजना टुणकन उठून माझ्या खाटेवर आली, माझा हात घट्ट धरला. पलीकडून नानांचा आवाज — "पुनाराम! शिडी वर घेतली ना? पुनाराम! नक्की घेतली ना?" संध्याकाळभर वाघाच्या गोष्टी सांगत होते! आम्ही दोघी तोंडावर पदर घेऊन हसलो.

वाघ गेला. ती गेली नाही. माझ्या खाटेवरच झोपली, हात हातात तसाच. मी हलले नाही. खांदा बधिर झाला, तरी हलले नाही. वाघाचे उपकार.

आता उजाडलं आहे. सगळे वाघाची पावलं पाहायला खाली उतरलेत. मी पिशवी भरून बसले आहे.

१० फेब्रुवारी. रात्री, कटंगी

भैयानं मला जीपनं बैहरच्या स्टँडवर सोडलं. अंजनाला यायचं होतं, त्यानं नको म्हटलं. निघताना ती पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला.

जीपमध्ये मी म्हटलं, "भैया, माह्यं डोकं फिरलं म्हणून सांगतलं तू तिले?"

त्यानं गाडीचा वेग वाढवला.

"आज येडी केली. उद्या कोणी जास्तच विचारलं तर मारून टाकशीन. मेली म्हणून सांगशीन. तवा एवढं कर — मयतीले मले बोलावजो."

गाडी थांबली. त्याचे हात चाकावर तसेच. "आई, तू समझती नहीं..." एवढंच म्हणाला. माझा मुलगा माझ्याशी रडतानाही हिंदीत बोलतो.

बस आली. मी चढले. मागं पाहायचं नाही, असं ठरवलं होतं. पाहिलं. वहीत खोटं काहून लिहू?

१२ फेब्रुवारी

तुळसाबाईनं विचारलं, "सून कशी आहे? गोरी आहे का?"

म्हटलं, "झोपेत हात सोडत नाही."



१९ फेब्रुवारी

ताप. शाळेत गेले नाही. पाण्याचा तांब्या खाटेपासून लांब राहिला होता. उठवेना. संध्याकाळी तुळसाबाई आली तेव्हा प्यायले.

मी चूक केली का? तिथंच सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं? आणि बोलले असते, आणि नानांनी मुलीला त्याच जीपमधून परत नेलं असतं, तर? रोज दोन्हीकडून भांडते. दोन्हीकडून हरते.

२ मार्च

शालिकराम सांगत होता, भैया बालाघाटला आला होता, ठेकेदाराच्या कामानं. काही निरोप? मी विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

विचारायला नको होतं.

१४ मार्च

गावात रंग. आपल्या वस्तीत धम्म घेऊन होळी सोडली तेव्हापासून ह्या दिवशी शांत असतं. दार लावून बसले. मुलींच्या वह्या तपासल्या. एकीनं 'माझी आई' ऐवजी 'मेरी माँ' लिहिलं आहे. हिंदीचाच निबंध आहे, बरोबरच आहे तिचं. तरी लाल पेन्सिल हातात धरून किती वेळ बसले होते.

१७ मार्च, रविवार

दुपारी दारात अंजना! एकटी. हातात पिशवी, पाय धुळीनं भरलेले. आधी भिंतीवरच्या तसबिरी पाहिल्या, मग माझ्याकडं.

"ह्यांनी सांगितलं मला सगळं. नानांनाही सांगितलं, समोर बसवून. नाना उठून गेले. अजून बोलत नाहीत." तिनं पिशवी खाली ठेवली. "मीही बोलत नव्हते ह्यांच्याशी. आडनावासाठी नाही. तुम्हाला वेडी म्हणाले, त्यासाठी."

"तो कुठं आहे?"

"स्टँडवर बसलेत. म्हणाले, तू आधी जा. घरात घेते का पाहा."

भात चुलीवरच राहिला. मी तशीच भर उन्हात रस्त्याला लागले.

मागून ती ओरडली, "आई! चप्पल!"