यवतची पिवळी पट्टी

आबा, तुम्हाला लिहायचं मनात आलं की मी कुठली तरी एसटी धरायचो. कारेगावात फरश्या बसवल्या, दौंडला ट्रक धुतले, मधेच कोंबड्या पाळल्या, पण ते जाऊ द्या. डोळे गेल्यावर तुम्ही आवाजावर काठी फेकायचा आणि ती लागायचीच. माझ्या भुवईवरची खोक अजून दिसते. पाऊल न वाजवता चालायला मी तुमच्यामुळं शिकलो. आणि आता यवतमध्ये मजुरी कशाची करतोय, तर पाऊल वाजावं म्हणून! थांब्यापासून बागेपर्यंतचा रस्ता आहे, न दिसणाऱ्याला काठीनं, पायानं, नाकानं सापडेल असा. एक अंध मावशी आणि चाकाच्या खुर्चीवरचे मामा सांगतात तसंच सगळं होतं. वळणावर पोकळ फरशी वाजली पाहिजे, बाकापाशी मोगरा. मावशी अनवाणी चालून बघते. जरा चुकलं की, "उखड रे मुडद्या!" मामा हसतात, "उखड, उखड. बायको असती तर आत्तापर्यंत पळाली असती तुझी."

उंचवट्यांच्या फरश्यांची पिवळी पट्टी झाली आणि लोकांना वाटलं, पार्किंगची रेघ. तिच्यावर ओळीनं मोटारसायकली! काल मावशी हँडलवर तोंडावर आपटली, ओठ फाटला. तिनं काठीनं आरसा फोडला, मग दिवा. गाड्या एकावर एक कोसळल्या. एका गाडीचा मालक धावत आला, "ए आंधळे, दिसत न्हाई व्हय?"

"न्हाई दिसत! तुला दिसतंय ना? मग बघ!" म्हणून तिनं त्यालाच एक ठेवून दिली.

त्यानं तिचं डोकं गाडीच्या टाकीवर आपटलं. मी हातोड्याच्या दांड्यानं त्याचं मनगट मोडलं, आबा. हाड वाजलेलं ऐकू आलं. बरं वाटलं, आणि लगेच तुमचा चेहरा आठवला. संध्याकाळी त्याची माणसं पहारी घेऊन आली. पट्टी फोडली, मामांना खुर्चीसकट उलथं पाडलं. "परत एक जरी फरशी बसली, तर तिच्याखाली तूच," म्हणाली.

मावशी दौंडच्या दवाखान्यात आहे, डोक्याला टाके पडलेत. मी पिशवी भरून थांब्यावर बसलोय. गाडी आली की चढणार, आणि हा कागद बहुधा खिडकीतून टाकणार. खरं सांगू? मला त्यांची भीती नाही वाटत. माझ्या हाताची वाटते. तो तुमच्यासारखा चालतो.

थांबा. दौंडकडून आलेल्या जीपमधून कोणीतरी उतरतंय. डोक्याला बँडेज. मावशी! एकटीच. फुटक्या फरश्यांत बसून तुकडे चाचपतेय आणि ओरडतेय, "कुठं मेलास रे? सिमेंट कालव!"