सोळा नव्या गाड्या आणि माझा डावा पाय

३ मार्च

प्रश्न शेवटी ऐरणीवर आला! सोळा नव्या पिकअप येणार. मॅनेजरने आज डेपोच्या आवारात आम्हा एकोणीस ड्रायव्हरांना गोळा केलं आणि विचारलं — गियरच्या मागवू की ऑटोमॅटिक? "चालवायच्या तुम्हाला, तेव्हा ठरवा तुम्हीच. शनिवारी सभा घ्या आणि मला एकच उत्तर द्या."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. भोंगा लगेच ओरडला, "नेते बोलतील!" भोंगा हे नाव त्याला उगाच पडलेलं नाही.

बोलणारच. बावीस वर्षं यांच्यासाठी मीच बोलतोय. आणि गियर हवा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. सिमेंटची तीस पोती मागे घेऊन उतार उतरताना ब्रेक न जाळता, खालच्या गियरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवतो तो ड्रायव्हर. बॅटरी बसली तर दोघांनी धक्का मारला की सुरू होते ती गाडी. बाकी सगळं चाकं लावलेलं फर्निचर!

घरी जिना चढताना कठडा धरला. चौदा पायऱ्या. ही वरून बघत होती.

४ मार्च

कागदाशी तरी खोटं कशाला बोलू?

डावा गुडघा गेलाय. सात महिने झाले. क्लच दाबला की आत कुणीतरी खिळा ठोकतं. म्हणून मी क्लच दाबायचाच सोडला. इंजिनाचा आवाज ऐकायचा, नेमका क्षण पकडायचा, नुसत्या हाताने गियर सरकवायचा — गाडी चालती असेल तर जमतं. थांबली की मेलो. मग शक्यतो थांबायचंच नाही. सिग्नल नसलेले रस्ते धरायचे. चार किलोमीटर लांबून जायचं, पण शाळेसमोरची गर्दी टाळायची.

आणि डेपोत माझी आख्यायिका झालीय! परवा भोंगा नव्या ड्रायव्हरांना सांगत होता, "नेते क्लचला पाय लावत नाहीत. गाडी त्यांचं ऐकते." मी मिशीतल्या मिशीत हसलो. रडायला हवं होतं.

५ मार्च

डॉक्टरकडे गेलो. गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरून म्हणाला, "इथे गादी असते. तुमची संपलीय. क्लच बंद."

"किती दिवस?"

"दिवस कसले मोजताय? बंद म्हणजे बंद." मग अगदी सहज, चहात साखर घालावी तसं, "ऑटोमॅटिक चालवा की! हल्ली मिळतात."

मी एवढ्या मोठ्याने हसलो की बाहेरच्या पेशंटने डोकावून पाहिलं.

निवृत्तीला चार वर्षं. ऑफिसात माझ्यासाठी खुर्ची नाही, आणि असती तरी मागायला जीभ उचलली नसती.

६ मार्च

उस्तादने गेटवर थांबवलं. मला गाडी यानेच शिकवली. सहा वर्षांपूर्वी फरशांची पेटी सरकली आणि त्याचा डावा पाय गुडघ्यासकट गेला. तेव्हापासून लाकडी टपरीत बसून आमच्या जाण्यायेण्याच्या वेळा लिहितो.

"ऐक," तो म्हणाला, "ऑटोमॅटिकला दोन पेडल. दोन्ही उजव्या पायाची. मी चौकशी केलीय, लायसन्स मिळतं. तू बोललास तर पोरं ऐकतील."

"अरे, पण उतारावर—"

"उतार मला शिकवतोस?"

तो नजर खाली करून पुढे म्हणाला, "सहा वर्षं दुसऱ्यांच्या वेळा लिहितोय रे. एकदा माझी वेळ कुणीतरी लिहू दे."

मी बघतो म्हणालो. काय बघतो? कुठे बघतो?

७ मार्च

दोन भाषणं तयार. पहिलं चाळीस मिनिटांचं, दुसरं चार ओळींचं. चार ओळींचं पाठ होत नाही.

८ मार्च

सभा गोडाऊनमध्ये. बोलायला सिमेंटच्या पोत्यांवर चढायचं, ही आमची पद्धत. चढताना उजवा पाय आधी टाकला, डावा मागून ओढून घेतला. कोणतं भाषण करायचं ते तोवर खरंच ठरलं नव्हतं. भोंग्याने टाळी वाजवली, बाकीच्यांनी उचलून धरली — आणि ठरलं. टाळीपुढे मी किती दुबळा आहे ते मला आज कळलं असं नाही, पण एवढं नागडं कधी कळलं नव्हतं.

बोललो! "गियर ही ड्रायव्हरची सही आहे! आज गाडीतून गियर काढतील, उद्या डेपोतून आपल्याला! ज्या गाडीला हात लागत नाही तिला तुमचीच गरज काय? गल्लीतला कुणीही रिकामटेकडा येऊन बसेल!" प्रत्येक शब्द मला पटलेला. आत्ताही पटतो. तीच तर पंचाईत आहे. खोटं बोललो असतो तर निदान स्वतःला शिव्या घालता आल्या असत्या.

मग हशा हवा होता म्हणून म्हणालो, "आणि ज्याला पाय हलवायचा कंटाळा, त्याने खुशाल आरामखुर्चीत बसावं! माल आम्ही पोचवू!"

गोडाऊन हसलं. भोंग्याने पोत्यावर थाप मारली, सिमेंटची धूळ उडाली. त्या भरात मी आणखी वर गेलो, "कुणाला हवीच असेल ऑटोमॅटिक, तर त्याने समोर यावं! नाव सांगावं!"

कोण येणार? धूळ खाली बसली तेव्हा शटरपाशी उस्ताद दिसला. काखेत वही.

एकोणीसपैकी एकोणीस हात गियरच्या बाजूने. पहिला माझा.

९ मार्च

रविवार. पुस्तक उघडलं, मिटलं. गुडघ्यावर बर्फ.

१० मार्च

गेटवर गाडी थांबवली. आता काहीतरी बोलायला हवं होतं. बावीस वर्षं बोलणाऱ्या माणसाला एक शब्द सापडेना.

उस्तादच म्हणाला, "छान बोललास. मीपण टाळी वाजवली." वहीत माझी वेळ लिहिली. आठ वाजून दहा. वर न बघता म्हणाला, "जा, मागे गाड्या खोळंबल्यात."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च

मॅनेजरने उत्तर घेतलं आणि वर स्वतःचं शेपूट जोडलं. निदान तीन ऑटोमॅटिक मागवल्या तर विक्रेता गाड्या मिसळून द्यायला तयार आहे. ज्याला दुखण्यामुळे हवी असेल त्याने एकतीस तारखेपर्यंत ऑफिसातल्या बाईंकडे आपलं नाव आणि कारण लिहून द्यायचं. उस्तादचं नावही चालेल, त्याला परत गाडीवर घेऊ. तीन नावं आली तर ठीक, नाही तर सोळाच्या सोळा गियरच्या, आणि पुढची दहा वर्षं विषय बंद!

"तोंडी चालणार नाही," मॅनेजर माझ्याकडे बघून हसला. "नेत्यांनीच सांगितलंय ना, नाव घेऊन समोर यावं!"

सगळे हसले. मीही. माझंच वाक्य, त्याला आता कुलूप लागलंय आणि आत मी आहे. पुढाऱ्यांची चरित्रं मी ढीगभर वाचली. आपल्याच भाषणात कोंडला गेलेला माणूस एखाद्या पानावर भेटला की समासात मोठं उद्गारचिन्ह काढायचो. किती मजा वाटायची!

१५ मार्च

अब्रू जाता जाता वाचली. वाचली म्हणावं की आणखी खोल गेली?

नव्या ड्रायव्हरची परीक्षा आमच्याकडे आगपेटीने होते. गोडाऊनच्या चढावर भरलेली गाडी थांबवायची, मागच्या चाकाला चिकटवून आगपेटी उभी करायची आणि गाडी वर काढायची. गाडी बोटभर मागे आली की आगपेटीचा भुगा, मग उमेदवार घरी. ही परीक्षा माझ्या हाताखाली होते. आज दोघे आले होते. भोंगा म्हणाला, "नेते, आधी तुम्ही करून दाखवा की!"

नाही कसं म्हणू? बसलो. क्लच दाबला. खिळा! पाय सुटला, गाडी मागे आली. एवढासा कर्रर्र आवाज.

आणि भोंगा गरजला, "बघितलंत? चुकलं की काय होतं ते नेत्यांनी मुद्दाम दाखवलं! असे मास्तर मिळतात का कुठे?"

त्या दोघांनी अक्षरशः वही काढून लिहून घेतलं. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "हं. लक्षात ठेवा."

काय लक्षात ठेवा!

१९ मार्च

आज हिने कोंडीत पकडलं. मी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसलो होतो. बुटाची नाडी बांधतोय असं दाखवत.

"अहो, चपला घातल्यात तुम्ही."

मी पाय मागे ओढले.

"जगाला चाळीस मिनिटांची भाषणं देता. मला एकच वाक्य द्या. पाय कधीपासून दुखतोय?"

"ऑगस्टपासून."

ती शेजारी येऊन बसली. सगळं ऐकून घेतलं — डॉक्टर, उस्ताद, आगपेटी, बाईंकडची यादी. मग म्हणाली, "यात अडचण काय आहे? जा आणि नाव लिहा."

"अगं, एकोणीस माणसांना मी—"

"एकोणीस माणसं रात्री तुमच्या गुडघ्याला तेल चोळायला येतात का?"

मी चिडलो. म्हणालो, तुला कळत नाही, शब्द दिलेल्या माणसाने शब्द फिरवला की बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं? उद्या कामाचे तास वाढवले, सुट्ट्या कापल्या तर पोत्यांवर कोण चढणार? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

ती उठली. हात पुढे केला. "आधी पायऱ्या तर चढा. पोत्यांचं नंतर बघू."

२४ मार्च

बाईंच्या टेबलापर्यंत गेलो. पंख्याच्या दुरुस्तीचा अर्ज देऊन परत आलो.

२५ मार्च

बाईंनी विचारलं, "कुठला पंखा?"

२८ मार्च

उस्ताद टपरीत रेडिओचे सेल बदलत होता. मी आत जाऊन बसलो. तिथे दोन माणसं बसली की गुडघे एकमेकांना लागतात. त्याचा लाकडी, माझा सुजलेला.

"यादीत किती नावं झाली?" मी विचारलं.

"एक. माझं. बाकी बाई काही सांगत नाहीत, पण मला काय कळत नाही? तुझ्या त्या भाषणानंतर कोण लिहिणार?" रागाने नाही, हवामान सांगावं तसं. "दोन हवीत अजून. सोमवारी संपतंय."

सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं. आणि बाहेर काय पडलं? "गियर आहेच रे चांगला."

"मी कधी वाईट म्हणालो?" उस्ताद म्हणाला. "तीस वर्षं चालवला तो मी. चांगला आहे म्हणूनच जीव जातोय ना!"

मग माझ्या पायाकडे बघितलं. बराच वेळ. शिष्याचा पाय गुरूला कळणारच. सेल घातले, रेडिओ लावला, आवाज मोठा केला.

३० मार्च

हिशेब साधा आहे. न लिहिलं तर माझी गाडी जाते, उस्तादची येत नाही आणि माझं नाव शाबूत राहतं. लिहिलं तर दोघांच्याही गाड्यांना आणखी एक नाव कमीच पडतं, आणि माझं नाव जातं ते जातंच! म्हणजे तोंडघशी पडूनही उपयोग नाही. दिवसभर हेच. खोलीतल्या खोलीत फेऱ्या, त्याही लंगडत. हिने शेवटी खुर्ची ओढून दाराबाहेर ठेवली. म्हणाली, "निदान हवेत तरी बसा."

बसलो. उद्या लिहिणार. उपयोग असो नसो.

३१ मार्च

जेवणाच्या सुटीत, सगळे बाहेर असताना, मागच्या दाराने ऑफिसात गेलो. म्हणालो, "यादी द्या. नाव लिहायचंय. माझं."

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग त्यांनी ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि कागद पुढे सरकवला.

पहिलं नाव उस्ताद. दुसरं भोंगा! कारण — कंबर. तारीख — तेरा मार्च. खाली गुडघा, घोटा, कंबर, गुडघा, गुडघा, असंच पुढे. एकूण अकरा नावं. उस्ताद सोडला तर सगळी गोडाऊनमधली, हात वर केलेली.

मी बारावं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"बाई, मला कुणी एका शब्दाने बोललं कसं नाही?"

त्या कुलूप लावत म्हणाल्या, "उस्ताद सोडून सगळे मागच्या दारानेच आले. आणि जाताना प्रत्येकाने एकच विचारलं — नेत्यांना कळणार नाही ना?"