आबा दुसऱ्यांदा टीव्हीवर

मळ्यातील घर, मुरगूड, ता. कागल
मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर १९८६, सकाळी सव्वासात.
संस्थेत दूध घालून आत्ताच आलो आणि ओसरीवर लिहायला बसलो आहे.

ती. आक्कास, धाकट्या जोतीरामचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे. थंडीने आबांचा गुडघा दुखतो, तरी धार काढायला दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. धाकट्या म्हशीला रेडी झाली. खरवस पाठवणार होतो, पण कबनूरकडे येणारे कुणी मिळाले नाही. दाजींचे माग व्यवस्थित चालू आहेत ना? मुलांचा खोकला गेला का?

शनिवारी संध्याकाळी तुम्ही टीव्ही पाहिलात का? पाहिला नसेल तर कुणाला विचारू नकोस. दाजींना तर नकोच.

इथे पत्र संपवणार होतो. पण मग तू विचारात पडशील की जोतीने हे असे का लिहिले. म्हणून सांगतो.

श्रावणात टीव्हीवाले आपल्या गोठ्यात आले होते, ते तुला माहीत आहेच. संस्थेत सगळ्यांत जास्त दूध आपल्या चंद्री म्हशीचे, म्हणून चेअरमन पिराजीअण्णांनी त्यांना आपल्याकडे पाठवले. नवरात्रात शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ते दाखवले. साहेबांनी विचारले, "याचं गुपित काय?" आबा म्हणाले, "येळंला वैरण टाकायची. रोज पाठीवरनं हात फिरवायचा, चार शब्द ग्वाड बोलायचं. आनि लाथ मारली तर राग धरायचा न्हाय." सगळ्या गावाने कौतुक केले. तिथपर्यंत बरे होते.

आता टीव्हीवर एक नवीन विनोदी कार्यक्रम सुरू झाला आहे. त्यात दुसऱ्या कार्यक्रमांचे तुकडे कापून एकाला दुसरा जोडतात आणि लोकांना हसवतात. एक पुढारी भाषण करतो आणि लगेच जनावरांच्या बाजारातली गाढवे ओरडतात, असे. मीही हसत होतो. मग महिलांच्या कार्यक्रमातल्या एक बाई दिसल्या. त्यांनी समोरच्या नवरा-बायकोला विचारले, "तुमच्या सुखी संसाराचं गुपित काय?" आणि उत्तर द्यायला एकदम आपले आबाच आले, फेट्यासकट! "येळंला वैरण टाकायची..."

संस्थेच्या हॉलात शंभर माणसे होती. छप्पर उडते की काय असे वाटले. आबांनी माझी मांडी दाबली. "अरं, परत दावलं की रं!" मग थोड्या वेळाने म्हणाले, "पर ह्या बाई कोन? आपल्याकडं तर सायेब आलतं." मी म्हणालो, "मुंबईच्या असतील." त्यांना वाटते, उत्तर चांगले होते म्हणून पुन्हा दाखवले, आणि आपल्या बोलण्याने लोक खूश झाले म्हणून हसले.

तिथेच पिराजीअण्णा उठले. आबांकडे हात करून म्हणाले, "एकदा दावलं तर नशीब म्हनू, दोनदा दावलं म्हंजे मान हाय! उद्याचा सोडून फुडल्या रव्वारी गुंडूबांचा जोडीनं सत्कार. त्यांस्नी फेटा, वैनीस्नी खण-नारळ." त्यांचा चेहरा गंभीर होता. पण मागच्या बाकांवर साथ आल्यासारखे सगळे एकदम खोकायला लागले. अण्णा थट्टा करत होते का, मला खरोखर सांगता येत नाही. त्यांनाही आबांसारखेच वाटले असेल. किंवा नसेल. मानपत्र लिहायचे माझ्याकडे दिले आहे, कारण शाळा नववीत सुटली तरी माझे अक्षर चांगले आहे. "आदर्श पशुपालक" एवढे लिहून थांबलो आहे. पुढचे प्रत्येक वाक्य मला चेष्टेचे वाटते.

रविवारी चावडीजवळ सयाजी भेटला. माझ्याबरोबर शाळेत होता तो. म्हणाला, "काय जोती, आयला वैरण टाकलीस का?" मी हसल्यासारखे केले आणि घरी आलो. आईला शनिवारी हॉलात शेजारी बसलेल्या बायकांनी याहून वाईट विचारले असावे. ती शनिवारपासून घराबाहेर पडलेली नाही आणि आबांशी बोललेली नाही. सत्काराला जोडीने बसणार नाही, एवढेच तिने मला सांगितले. आबा मला विचारतात, "तिला काय झालंय? तिला इचार."

काल विचारले. भाकरी थापत होती. मी म्हणालो, "आई, टीव्हीवाल्यांनी फार वाईट केलं."

"त्यांनी खोटं काय दावलं?" ती म्हणाली. "त्या बाईनं संसाराचं इचारलं, ह्यांनी म्हशीचं सांगितलं. ह्यांस्नी दुसरं येतंयच काय? तीस वरसं झाली. माझ्या पाठीवरनं कवा हात फिरवला? माझ्यासंगं ग्वाड बोलल्यालं तू तरी ऐकलंस व्हय?"

मी म्हणालो, आठवून सांगतो.

आक्का, मला अजून आठवलेले नाही. तुला आठवत असेल तर कळव. आबा वाईट नाहीत. त्यांनी आईवर कधी हात उगारला नाही, हे मी पाहिले आहे. पण उगारला नाही आणि फिरवलाही नाही, असे ते आहे. लोकांच्या हसण्याचा मला राग येतो, आणि आई म्हणते ते बरोबर वाटते. दोन्ही एकदम कसे धरावे ते कळत नाही.

बुधवार, सकाळी.

पत्र काल टाकले नाही. संध्याकाळी आबा चंद्रीखाली बसले असताना मी त्यांना सगळे सांगितले. बाईंचा प्रश्न काय होता, ते सांगितले. आई काय म्हणाली, तेही.

धार थांबली. "म्हंजे लोक त्यासाठनं हसलं?"

"व्हय."

"आनि अण्णा?"

"ते मला कळलं नाही."

त्यांनी धार पुरी काढली. मग आत गेले आणि चुलीपुढे बसलेल्या आईच्या मागे उभे राहिले. हात वर केला, तसाच ठेवला. आई मागे न बघता म्हणाली, "काय पायजे?" आबा म्हणाले, "काय न्हाय," आणि बाहेर आले. पायांत वहाणा घालून थेट पिराजीअण्णांकडे निघाले. मीही मागे गेलो.

"अण्णा, सत्कार नगं."

"का वं? मांडव सांगितलाय की!"

"घरात इचारलं न्हवतं."

अण्णांनी मान हलवली आणि मांडववाल्याकडे निरोप धाडला.

हे मी येऊन आईला सांगितले. मला वाटले, तिला बरे वाटेल. तर ती चिडली. "मला इचारलं असतं तर म्या व्हय म्हटलं असतं!"

आता तूच सांग, मी काय समजू? सत्कार रद्द झाला आहे आणि आज सकाळी उठून बघतो तर आईने ट्रंकेतले इरकली लुगडे काढून अंगणात उन्हाला टाकले आहे. आबा त्याच्या बाजूने दोनदा गेले. आत्ता मला म्हणाले, "कशापायी काढलंय ते? तिला इचार."

मी म्हणालो, "आबा, तुम्हीच विचारा."

वडिलांना मी असे कधी बोललो नव्हतो. ते उंबऱ्यात उभे आहेत. आई आत आहे. मी इथे असलो तर ते विचारणार नाहीत, म्हणून पत्र टाकायला निघतो आणि येताना लांबच्या वाटेने येतो.

आई-आबांच्या मधून आज पहिल्यांदाच बाजूला झालेला
तुझा भाऊ,
जोतीराम