बुडाकडची तीट

माय, काल मी इथे अमरावतीत किराण्याच्या दुकानात अंडी घ्यायला गेले होते. तुला हसू येईल. आपल्या घरात अंडं कधी विकत आणलं नाही, आणि तुझी लेक साठी उलटल्यावर पिशवी घेऊन दुकानापुढे उभी राहते. कोंबड्या पाळायची माझी हौस मुलाने पुरी होऊ दिली नाही, शेजारी कुरकुरतात म्हणतो. सून बाळंतीण आहे, तिला अंगात ताकद यायला अंडी हवीत. तर मी गेले, आणि दुकानातल्या पोरसवद्या माणसाला म्हटलं, आधी एका तपेल्यात पाणी आण. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण आणलं. तेवढ्यात माझी नजर टोपलीवर गेली. प्रत्येक अंड्याच्या बुडाला काजळाचा एक बारका ठिपका. मी जागच्या जागी खिळले. त्याला विचारलं, बाबा, हे कावून लावतोस? तो म्हणाला, "असंच लावतात, आजी. अकोल्याची रीत हाय. पाहून घेतलेल्या अंड्याले तीट लावतात." त्याला ना तू माहीत, ना मी. मला इतका आनंद झाला की पैसे न मोजताच देऊन टाकले. घरी आले आणि ठरवलं की तुला लिहायचंच. अक्षरं मी नातीच्या पाटीवर शिकले, ती माझ्या वेलांट्यांना हसते, पण वाचता येतं म्हणते.

तुला ते दिवस आठवत असतील. कुठेतरी सातासमुद्रापलीकडे लढाई पेटली होती आणि त्यामुळे विलायतेला आपला कापूस हवा होता, एवढंच आपल्याला ठाऊक. अकोल्याचे रस्ते गाड्यांनी भरलेले, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी कान किटलेले, झाडांच्या फांद्यांना कापसाचे पुंजके लटकलेले. आगगाडीची सडक बांधायला साहेब आले, कापूस घ्यायला आणखी साहेब आले, आणि त्यांच्यामागे त्यांचे खानसामे. बाबा गाडी घेऊन बारा महिने बाहेर. तू आणि मी ओसरीवर कापसातून सरकी काढायचा रेचा फिरवत बसायचो, रुई एकीकडे, सरकी एकीकडे. माझं सासर तुटलेलं होतं आणि गावात त्यावरून कुजबुज चालायची. तू कधी त्यावर बोलली नाहीस. फक्त आपल्या कामात मला बरोबर ओढत राहिलीस, म्हणून मी उभी राहिले.

साहेब लोकांना रोज अंडी लागतात हे अकोल्याला नवीन होतं. स्टेशनासाठी आखलेल्या जागेजवळ एका शेठने मोठं दुकान घातलं, वर पत्र्याचं छप्पर, आत विलायती बिस्किटांपासून दोरखंडापर्यंत सगळं. खेड्यापाड्यांतून टोपल्या यायच्या आणि तो अंडी न बघता ओतून घ्यायचा. घ्यायची तर टोपलीसकट घ्या, निवडून मिळणार नाही, असं त्याचं म्हणणं. कापसाच्या साहेबाच्या बंगल्यावरचा म्हातारा खानसामा तिथे रोज वाद घालायचा, आणि तू आपल्या कोंबड्यांची अंडी विकायला गेली होतीस तेव्हा त्या भांडणात पडलीस. तुझा स्वभावच तो. खानसाम्याच्या हातातलं अंडं काढून घेतलंस, कानाजवळ हलवलंस, मुठीची नळी करून त्यातून सूर्याकडे धरलंस आणि त्याच्या हातावर परत ठेवून म्हणालीस, हे फेकून दे. त्याने तिथेच फोडलं. दुकानातली माणसं नाक धरून बाहेर पळाली.

मग तू दुकानदाराची बादली मागितलीस. ताजं अंडं पाण्यात तळाशी आडवं पडतं, थोडं जुनं झालं की बूड वर करून उभं राहतं, आणि नासलं की पाण्यावर येतं, हे आपल्याकडे कोणत्याही शेंबड्या पोराला माहीत, पण शेठला आणि खानसाम्याला ती जादू वाटली. अर्धी टोपली तू बाजूला काढलीस. निवडलेली अंडी पुन्हा त्या घाणीत मिसळू नयेत म्हणून कमरेची काजळाची डबी काढलीस आणि एकेका अंड्याच्या बुडाला करंगळीने तीट लावलीस, तान्ह्या मुलाला लावतात तशी. शेठ खदखदून हसला. म्हणाला, बाई, अंड्याले काय दृष्ट लागते? तू मान वर न करता म्हणालीस, "दुकानाची लागते."

त्या दिवसापासून बंगल्यावर तीटवालीच अंडी जाऊ लागली. महिनाभरात सडकेच्या साहेबांचे खानसामेही तीट मागू लागले, आणि हसणारा शेठ एक दिवस आपल्या दारात आला. तू दर सकाळी दुकानात जाऊन निवड करायचीस. पत्र्याखाली दुकान तापायचं, म्हणून निवडलेली अंडी आपल्या घरी राहायची आणि लागतील तशी जायची. ती सांभाळणं माझ्याकडे होतं. रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरलेलं मडकं, त्यात गव्हाचा कोंडा, आणि कोंड्यात टोक खाली, तीट वर अशी उभी केलेली अंडी. बुडाशी आतमध्ये हवेची जागा असते, ती वरच राहिली पाहिजे, हे तू मला बोट लावून दाखवलंस. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. साहेबाकडे जायची आहेत, स्वच्छ दिसावीत, म्हणून सगळी धुऊन लख्ख पुसून ठेवली. तू मडकं उघडलंस आणि मला म्हणालीस, "धुतलेलं अंडं उघडं पडते, पोरी. त्याचं पांघरूण त्याच्या अंगावर असते, ते तू काढून टाकलं." एवढंच. पण ती सगळी अंडी तू त्याच दिवशी आपल्या घरात आणि शेजारी वाटून टाकलीस, एकही दुकानात जाऊ दिलं नाहीस. माझ्या हातून निघालेलं अंडं नासकं निघालं तर माझ्या तोंडाला काळं लागेल, असं तू शेजारणीला सांगत होतीस आणि मी दाराआड ऐकत होते.

म्हणूनच पुढचं तुला सांगायचं धाडस झालं नाही. कापसाचा हंगाम ऐन भरात होता, मडकं भरून गेलं होतं आणि पाच अंडी उरली होती. पडवीत सरकीचा ढीग होता, मऊ, कोरडा दिसणारा. मी ती पाच अंडी त्यात खोचून ठेवली आणि विसरले. चौथ्या दिवशी आठवण झाली. हात घातला तर आत ऊब. ओल्या कापसाची सरकी ढिगात तापते हे मला माहीत नव्हतं असं नाही, रेचा फिरवणाऱ्या कोणत्या बाईला ते माहीत नसतं? पण सरकी म्हणजे बैलाचं खाणं, तिचा अंड्याशी संबंध डोक्यातच आला नाही. कोंबडीखाली ठेवल्यासारखी ती पाच अंडी मी चार दिवस उबवली होती. मी गुपचूप मडक्यातली जागा मोकळी होताच ती त्यात उभी केली, तीट वर. टाकून दिली असती तर तू विचारलं असतंस.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी बंगल्यावर मोठी मेजवानी होती. खानसाम्याने केकसाठी अंडी फोडायला घेतली आणि नवव्या की दहाव्या अंड्याने सगळं भांडंभर पीठ नासवलं. त्या अंड्यावर तीट होती. तो कवच रुमालात बांधून तडक दुकानात आला. आपण दोघी आपली टोपली घेऊन तिथे पोहोचलो तेव्हा शेठ चारचौघांत सांगत होता की बाई म्हातारी झाली, डोळे गेले, तीट बघून मी फसलो. तुझा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. मला वाटलं जमीन दुभंगावी, कारण मला सरकी आठवत होती.

तू भांडली नाहीस. खानसाम्याला म्हणालीस, रुमाल सोड. कवचाचे दोन तुकडे उचलून उन्हाकडे धरलेस आणि हसलीस. माय, ते हसू मी आजही डोळे मिटले की पाहते. "पाहून घ्या सारे," तू म्हणालीस. "तीट टोकाले हाय. माह्या हातची तीट टोकाले कधी जात नाई." मग तू शेठच्या टोपलीत हात घातलास आणि एकामागून एक अंडी लोकांपुढे मांडलीस. काहींची तीट बुडाला, काहींची टोकाला, एकाची तर पोटावर. मागणी वाढली म्हणून शेठ मागच्या खोलीत बसून न निवडलेल्या अंड्यांना स्वतःच काजळ लावत होता, आणि कुठे लावायचं ते त्याने तुला कधी विचारलं नव्हतं. त्याला ती नुसती दृष्टीची तीट वाटली होती.

खानसामा एवढ्यावर ऐकणारा नव्हता. म्हणाला, चलो, तुमची बुडावाली तरी खरी कशावरून? तू बादली मागितलीस. दुकानापुढे गाडीवाले जमले, रुईचे दलाल जमले. मी आपल्या टोपलीतली अंडी एकेक करून पाण्यात सोडत होते, बुडालेली काढून पदरात घेत होते आणि पदरातली टोपलीच्या दुसऱ्या कडेला ठेवत होते. तू बादलीकडे बघतसुद्धा नव्हतीस, इतकी तुझी खात्री. लोकांकडे तोंड करून खानसाम्याला अंड्याचं बूड कोणतं आणि टोक कोणतं ते समजावत होतीस, आणि सगळे तुझ्या हातातल्या अंड्याकडे बघत होते. पाण्यात घालायची अंडी संपली. तू वळून विचारलंस, "आलं का एखादं वर?" मी मान हलवली, नाही. कुणीतरी गाडीवाल्याने आरोळी ठोकली, खानसाम्याने तुला सर्वांसमोर सलाम केला, आणि शेठने खाली मान घालून गादीजवळची जागा झटकून तुला बसायला सांगितलं. तू बसलीस. अकोल्याच्या बाजारात शेठच्या गादीला गादी लावून बसलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. पुढे शेठ सगळ्यांना सांगायचा की तीट बुडाला, वर ठेवायची ती बाजू, आणि ज्याने त्याने ते उचललं. काल ते इथे अमरावतीत माझ्यापुढे टोपलीत बसलं होतं.

त्या दिवसाची गोष्ट तू मरेपर्यंत सांगितलीस. लग्नात, बारशाला, विहिरीवर. सासरच्यांनी मला परत नेलं तेव्हा माझ्या सासूलाही सांगितलीस, हिच्यासमोर सगळी टोपली पाण्यात घातली, एकबी वर आलं नाई. आणि दर वेळी माझ्याकडे बघायचीस, आणि मी मान डोलवायचे. अंथरुणाला खिळलीस तेव्हासुद्धा म्हणालीस की मी निवडलेलं अंडं वर येत नाही, आणि ते खरंच होतं. तुझी निवड कधी चुकली नाही, माय. हे मी काल त्या दुकानातून घरी येताना रस्ताभर मोठ्याने म्हणत आले, लोक बघत होते तरी.

हे पत्र नातीला वाचायला देणार नाही. रांजणाखाली मडकं अजून ठेवते मी, कोंड्याच्या तळाशी घडी करून ठेवेन. एक आलं होतं वर. सरकीतल्या पाचांमधलंच असणार. पाण्यातून सरळ वर आलं, तीट आभाळाकडे करून, आणि तू वळायच्या आत मी ते पदरात घेतलं. बाकीची टोपलीत ठेवली, ते तिथेच राहू दिलं. घरी येताना तू इतकी खुशीत होतीस की आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून चाललीस, आणि ते नासकं अंडं फुटू नये म्हणून मी अख्खा रस्ता श्वास धरून चालले.