आठ हिरवे दिवे

बीड,
१४ सप्टेंबर

प्रिय जालिंदर,

'प्रिय' खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण अकरा वर्षांची सवय आठवड्यात मोडत नाही. पुण्यात तुझ्या हाताखाली आता चाळीस माणसं आहेत, असं आपल्या वर्गातला बंकट सांगत होता. मी आपल्याच कॉलेजात आहे. आप्पाराव सर गेल्या वर्षी वारले आणि त्यांचा कॉम्प्युटर नेटवर्कचा पेपर माझ्याकडे आला. लॅबमधला पंखा अजून तसाच खडखडतो, आणि केबलला प्लग बसवायचं प्रॅक्टिकल असलं की पोरं अजून वेळेआधी हजर होतात.

त्या प्रॅक्टिकलला आपली जोडी होती. आठ तारांच्या रंगांचा क्रम मी पाढ्यासारखा पाठ करत बसलो होतो आणि तू हसत होतास. "काय बे, घोकतो कशाला? दोन्ही टोकांना सारखे रंग लाव, झालं." तू तुझ्या मनाचा क्रम लावलास, दोन मीटरची केबल टेस्टरला जोडली आणि प्रत्येक तारेचा एक, असे आठच्या आठ हिरवे दिवे लागले. मला पटलं. तुझं मला तेव्हा सगळंच पटायचं.

तो २०१३ चा दुष्काळ. तुझे आईवडील ऊसतोडीला गेलेले. माझी आई वडवणीहून सकाळच्या एसटीनं माझा डबा पाठवायची, त्यात तुझा दुसरा डबा कधी सुरू झाला ते मलाही आठवत नाही. "त्याची माय लांब हाय, त्यानं कावून हॉटेलात खायचं?" एवढंच ती म्हणाली होती. तुझ्या डब्यात ठेचा वेगळ्या पुडीत असायचा, कारण भाकरीला लागलेला तुला चालत नसे. माझ्या डब्यात असले लाड नव्हते. टँकरच्या रांगेत घागर लावून, स्टँडवर डबे देऊन, मग ती दूध सोसायटीत कामाला जायची. दुधाचं फॅट मोजायच्या मशीनवर गावातली पहिली बाई तीच बसली होती आणि त्याचा तिला लई अभिमान होता.

फॅटचा आकडा केबलनं ऑफिसात पोहोचवायचा आपला प्रोजेक्टही तिनंच मिळवून दिला. सोसायटीच्या फाटकापाशी शेडमध्ये मशीन, पार आत ऑफिसात कॉम्प्युटर, मध्ये साठ मीटर. चेअरमन सुंदरराव यांच्याकडे तिनं चार खेपा घातल्या. केबल आपण दोघांनी कडुनिंबावरून ओढली, दोन्ही टोकांचे प्लग तू बसवलेस. आठ दिवे लागले तेव्हा आईनं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. काही सकाळी काही जणांचा आकडा ऑफिसात पोहोचेचना. तिथं कोरी जागा दिसायची आणि दूध परत जायचं. चारा छावणीत एकेक गाय जगवून लोक ते दूध आणत होते, ते भडकणारच. बाई चुकीचं बटण दाबते, बाई मुद्दाम करते, असं बोललं जाऊ लागलं. सोसायटीची सभा बोलावली. आई उभी राहिली आणि म्हणाली, "म्या आकडा दाबलाय. तारंतच कायतरी हाय." तू माझ्या कानाशी लागलास, "तू बोल, तुझं ऐकतील." मी उठलो. केबल तपासलेली आहे, आमचं शिक्षणच त्यातलं आहे, आईची नजर आता अधू झालीय, असं दोनशे माणसांसमोर मी बोललो. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिला काढलं. मशीन उचलून ऑफिसात कॉम्प्युटरशेजारी नेलं, दोन हात केबलवर आकडे सुरळीत झाले आणि गाव म्हणालं, बाई गेली नि घोळ मिटला. सुंदररावांच्या शिफारशीवर तू पुण्याला गेलास. आईनं त्या दिवसापासून चहात दूध घातलेलं नाही.

गेल्या सोमवारी लॅबचं कपाट आवरत होतो. जुन्या जर्नलांच्या गठ्ठ्यात तुझं जर्नल निघालं. पोरांना तुझं अक्षर दाखवावं म्हणून कौतुकानं उघडलं. क्रिंपिंगच्या, म्हणजे प्लग बसवायच्या, पानावर सरांनी लाल शाईत लिहिलंय : "रंगांचा क्रम चूक. एकत्र पिळलेल्या तारांच्या जोड्या फुटल्या आहेत. टेस्टरला दिवे लागतील, दोन मीटरला चालेल, लांबवर माहिती गळेल. डेअरीची केबल ताबडतोब बदला. शहादेवलाही सांगा." तारीख दोन मार्च. खाली "वाचले" आणि तुझी सही. आपली सभा अकरा मार्चला होती. नऊ दिवस, जालिंदर. त्या नऊ दिवसांत तू आईचे नऊ डबे खाल्लेस. चूक कोणाचीही होते, मीही तो क्रम पाहून गप्पच होतो. पण तू मला उठवून उभं केलंस. तिच्याविरुद्ध बोलायला तुला तिचाच मुलगा लागला, याची मला चीड येते आणि रडूही येतं.

काल गावी जाऊन आईला सांगितलं, की केबलच चुकीची होती, तू खरी होतीस. तिचे पाय धरले. तिनं मला हाताला धरून उठवलं. मग तिनं एकच विचारलं, "जालिंदरला ठाऊक व्हतं का?" आणि मी म्हणालो, नाही. का म्हणालो, माहीत नाही. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग त्याला कायबी बोलू नको. पोरगं व्हतं," असं म्हणून तिनं डोळे पुसले. तुझ्यासाठी तिच्यासमोर मी दुसऱ्यांदा खोटं बोललो, तिसऱ्यांदा बोलणार नाही. बावीस तारखेला, रविवारी, सोसायटीची वार्षिक सभा आहे. मी तिथं उभा राहून माझं सांगणार आहे आणि जर्नल माझ्या हातात असेल. त्याआधी, शनिवारी, तू घरी ये आणि माझं ते 'नाही' तुझ्या तोंडानं खोडून काढ. आई तुला जेवल्याशिवाय सोडणार नाही. तरी पहिला घास घ्यायच्या आधी सांग.

तुझाच, शनिवारपर्यंत तरी,
शहादेव